ऊरचा विलाप : निर्दोष नगरी आणि निर्दोष राजे

ऊर या प्राचीन मेसोपोटेमियन नगरीचा उल्लेख निघाला की 'जगातील पहिले' हा शब्दप्रयोग पाठोपाठ येतोच. उपलब्ध कायदेसंहितांपैकी पहिली ऊरची, नावानिशी ज्ञात असलेली पहिली कवयित्री ऊरची, पहिले वस्तुसंग्रहालयही म्हणे ऊरचेच. साहित्याच्या अभ्यासकाने या पहिलेपणाच्या मोहात पडू नये असे आम्हांस वाटते. पहिलेपणा हा कालगणनेचा गुण आहे. त्याने कृतीचे मोल ठरत नाही आणि ती वाचण्याची गरजही सिद्ध होत नाही. ऊरने आपल्यासाठी मागे ठेवलेली खरी गोष्ट आहे तो एक प्रश्न: ज्या नगरीने काही अपराध केला नाही ती नष्ट झाली, तर तिच्या देवांविषयी काय बोलायचे? आणि जे काही बोलले जाते ते कोणाच्या सोयीचे असते? हा प्रश्न चार हजार वर्षांपूर्वी सुमेरी कवींनी विचारला, आणि त्याचे जे उत्तर दिले ते एकाच वेळी उदात्त आणि संशयास्पद आहे. ही दोन्ही विशेषणे एकत्र धरून वाचता येते की नाही, हीच साहित्यसमीक्षेची कसोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी नगरीविषयी. दक्षिण इराकमध्ये, आजच्या नासिरिया शहराजवळ, तेल अल-मुकय्यर या नावाचे टेकाड आहे. तेच ऊर. आज भोवती कोरडी जमीन दिसते. परंतु नगरीच्या भरभराटीच्या काळी युफ्रेटिस नदी तिच्या तटाजवळून वाहत होती आणि समुद्रही आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. त्यामुळे ऊर हे बंदर होते. दिलमुन (आजचे बहारीन आणि परिसर), मगान (ओमान) आणि मेलुह्हा (म्हणजे बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सिंधू संस्कृतीचा प्रदेश) येथून तेथे माल येत असे. ऊरच्या राजकीय दफनभूमीत सिंधू प्रदेशातील कारागिरीचे, पांढरी नक्षी उमटवलेले तांबूस अकीकाचे मणी सापडले, आणि ऊर येथे मिळालेल्या भारतीय धाटणीच्या मुद्रांवर सी. जे. गॅड यांनी १९३२ साली निबंध लिहिला. १८५३-५४ साली जे. ई. टेलर यांना तेथील झिगुरातच्या कोपऱ्यांत बाबिलोनी राजा नबोनिडसचे मातीचे लेखस्तंभ मिळाले आणि स्थळाची ओळख पटली. मोठे उत्खनन मात्र १९२२ ते १९३४ या काळात लेनर्ड वूली यांनी ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांच्या वतीने केले.

या नगरीचा स्वामी होता नन्ना, म्हणजे चंद्रदेव. अक्कादी भाषेत त्याला सुएन किंवा सिन म्हणत. तीस हा त्याचा अंक, कारण महिना तीस दिवसांचा. पत्नी निंगल, अपत्यांमध्ये सूर्यदेव उतू आणि प्रेम व युद्ध यांची देवता इनन्ना. सुमेरी कल्पनेत देव नगरीत 'राहतो', आणि हे राहणे लाक्षणिक नाही. मंदिर हे त्याचे घर, शेतजमीन व गुरे ही त्याची मालमत्ता, राजा हा त्याचा कारभारी. नन्नाच्या चंद्रकोरीत त्याच्या भक्तांना कधी नाव दिसे, कधी बैलाची शिंगे. दलदलीच्या काठावर गुरे पाळणाऱ्या आणि होड्या हाकणाऱ्या लोकांचा देव त्यांच्यासारखाच गुराखी आणि नावाडी असावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नन्ना हा सर्वसत्ताधीश देव नाही. त्याच्यावर त्याचा पिता एनलिल आहे, आणि एनलिलचे स्थान निप्पूर येथे. एका सुमेरी काव्यात नन्ना नाव बांधवून घेतो, तीत गुरे, मेंढ्या, मासे, पक्षी भरतो आणि नदीने निप्पूरला जातो. वाटेतल्या नगरींच्या देवता त्याला माल आपल्याकडे उतरवण्याचा आग्रह करतात. तो कोणाचे ऐकत नाही. निप्पूरला पोचल्यावर भेट अर्पण करून तो पित्याकडे मागणे मागतो: नदीला पूर, शेतात धान्य, तळ्यांत मासे, आणि दीर्घायुष्य. एनलिल ते देतो आणि नन्ना आपल्या ऊरला परततो. वरवर पाहता हे काव्य सुबत्तेचे आहे. मात्र त्याच्या मुळाशी असलेला करार ध्यानात ठेवला पाहिजे. ऊरची समृद्धी ऊरच्या देवाच्या हातात नाही. ती वरून मिळते, मागावी लागते, आणि जे मागून मिळते ते नाकारलेही जाऊ शकते. पुढील विलापकाव्यांची सगळी शोकान्तिका या एका रचनेत बीजरूपाने आहे.

ऊरच्या देवाचे हे परावलंबित्व ज्या पहिल्या साहित्यकृतीत तीव्रतेने जाणवते ती एन्हेदुअन्नाच्या नावावर आहे. अक्कादचा सारगोन (रूढ मध्यम कालगणनेनुसार इ.स.पू. सु. २३३४ ते २२७९) याने दक्षिणेकडील सुमेरी नगरी जिंकल्या आणि आपल्या कन्येला ऊर येथे नन्नाची प्रधान पुरोहिता नेमले. 'एन' हे पदाचे नाव. या पदावरील स्त्री देवाची मानवी पत्नी मानली जाई आणि तिचे निवासस्थान 'गिपारू' म्हणून ओळखले जाई. वूली यांना याच परिसरात १९२७ साली अलाबास्टरची एक तबकडी मिळाली. तिच्या एका बाजूस पूजाविधीचे शिल्प आहे आणि मागील लेखात एन्हेदुअन्ना स्वतःला नन्नाची पत्नी व सारगोनची कन्या म्हणवते. तेव्हा ही स्त्री होऊन गेली याविषयी शंका नाही. तिच्या नावावरील सर्वांत प्रसिद्ध काव्य इनन्नाच्या स्तुतीचे आहे. त्यात कवयित्री सांगते की लुगलअन्ने नावाच्या बंडखोराने तिला पदावरून आणि नगरीतून हाकलले. ती आपल्या देवाकडे, नन्नाकडे, न्याय मागते. आणि नन्ना काहीच बोलत नाही. म्हणून ती इनन्नाकडे वळते. पतिदेव मौन पाळतो आणि त्याची कन्या धावून येते, असा या काव्याचा प्रवास आहे.

या काव्याचे कर्तृत्व खरोखर तिचेच काय, हा वाद जुना आहे. हॅलो आणि व्हान डाइक यांनी १९६८ मध्ये या काव्याची संहिता सिद्ध केली तेव्हापासून तो चालू आहे. उपलब्ध प्रती तिच्या काळानंतर सुमारे पाच शतकांनी शाळांतून नकलल्या गेलेल्या आहेत. तिच्या नावावरील बेचाळीस मंदिरस्तोत्रांच्या संग्रहात शुल्गी या राजाच्या मंदिराचेही स्तोत्र येते, आणि शुल्गी तर तिच्यानंतर दोन शतकांनी झाला. म्हणजे निदान त्या संग्रहावर नंतरचा हात फिरला आहे. 'पहिली कवयित्री' म्हणून तिचा जयघोष करणारे या अडचणींकडे दुर्लक्ष करतात, आणि अडचणी दाखवणारे कित्येकदा असे सुचवतात की कर्तृत्व सिद्ध न झाल्यास सांगण्यासारखे काही उरतच नाही. आम्हांस दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. समजा, काव्य नंतरच्या कोणा लेखकाने तिच्या तोंडी घातले. तरीही पाच शतकांनंतरच्या त्या लेखकाला 'मी' म्हणणारी एक व्यक्ती काव्यात हवीशी वाटली, आणि त्यासाठी त्याने निवडली ती पदच्युत, निर्वासित, देवाने उत्तर न दिलेली स्त्री. कवीचे नाव साहित्यात प्रवेशते ते विजयाच्या प्रसंगी नव्हे, तर तक्रारीच्या प्रसंगी, ही गोष्ट कर्तृत्वाच्या निकालावर अवलंबून नाही. वर्गात शिकवण्याजोगी गोष्ट ती आहे.

तथापि हेही विसरता कामा नये की ही पीडित स्त्री जेत्याची कन्या होती. तिची नेमणूक हाच विजयाचा एक भाग होता. तिने जिचा धावा केला ती इनन्ना, अक्कादी इश्तार या नावाने, तिच्या पित्याच्या राजवंशाची देवता होती. लुगलअन्नेच्या बाजूने एखादे काव्य लिहिले गेले असते तर त्यात कदाचित परकीय पुरोहितेपासून नगरी मुक्त झाल्याचा आनंद असता. ते काव्य आपल्यापाशी नाही. सुमेरी साहित्यातील दुःख बहुधा कोणा सत्तेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत आले आहे. ते वाचताना हा आश्रय नजरेआड करू नये आणि त्या आश्रयामुळे दुःख खोटे ठरते असेही मानू नये.

आता ऊरच्या सर्वोच्च वैभवाचा काळ. इ.स.पू. २११२च्या सुमारास ऊर-नम्मूने नवा राजवंश स्थापला. अभ्यासक त्याला 'ऊरचा तिसरा राजवंश' म्हणतात. झिगुरात त्याने उभारण्यास आरंभ केला. त्याचा पाया सुमारे बासष्ट मीटर लांब व त्रेचाळीस मीटर रुंद. शिखरावर नन्नाचे मंदिर असावे. ऊर-नम्मूच्या (काहींच्या मते त्याचा पुत्र शुल्गी याच्या) नावावरील कायदेसंहितेत शारीरिक इजेबद्दल डोळ्यास डोळा न घेता चांदीच्या रूपात दंड सांगितला आहे. हम्मुराबीची संहिता तिच्यानंतर सुमारे तीन शतकांनी आली. शुल्गीने आपण लेखनशाळेत शिकल्याचा अभिमान मिरवला. या राज्याने धान्य, लोकर, गुरे, मजूर यांचा हिशेब मातीच्या पाट्यांवर इतका काटेकोर ठेवला की त्या काळच्या हजारो हजार पाट्या आज जगभरच्या संग्रहालयांत पडून आहेत. आणि एवढी बंदोबस्ताची यंत्रणा शंभर-एक वर्षांत कोसळली.

पाचवा राजा इब्बी-सिन याच्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांतच एकेक नगरी त्याच्या राजवर्षाचे नाव आपल्या पाट्यांवर लिहिणे सोडून देऊ लागली. साम्राज्य संपत चालल्याची बातमी हिशेबाच्या पाटीवरील तारखेतून कळावी, हे ऊरला साजेसेच होय. पाठोपाठ धान्यटंचाई आली. शाळांतून नकललेल्या एका पत्रव्यवहारानुसार राजाने इश्बी-एर्रा नावाच्या अधिकाऱ्याला वीस टॅलेंट चांदी देऊन धान्य खरेदीस पाठवले. त्याने धान्य घेतले, पण शत्रूच्या भीतीचे कारण सांगून ते ऊरला पोचवले नाही. ही पत्रे जशीच्या तशी अस्सल आहेत काय याबद्दल मतभेद आहेत. इश्बी-एर्राने इसिन येथे स्वतःचे राज्य स्थापले हे मात्र निर्विवाद. इ.स.पू. २००४च्या सुमारास एलामच्या सैन्याने ऊर घेतले, नगरी लुटली आणि इब्बी-सिनला बंदी करून नेले.

या विनाशावर जी काव्ये रचली गेली त्यांना अभ्यासक 'नगरविलाप' म्हणतात. अशी पाच उपलब्ध आहेत: ऊर, 'सुमेर आणि ऊर', निप्पूर, एरिदू आणि उरुक यांच्याविषयीची. पैकी ऊरच्या विलापाची संहिता सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केली. चारशेंहून अधिक ओळींचे हे काव्य अकरा गीतखंडांत विभागले आहे. आरंभी देव एकामागून एक आपापली मंदिरे सोडून जातात, जणू गोठे ओस पडत आहेत. मग निंगल बोलू लागते. विनाशाचे वादळ येणार हे तिला आधीच कळले होते. तिने थोरले देव अन आणि एनलिल यांच्यापुढे अश्रू ढाळले, नगरी नष्ट करू नका म्हणून विनवले. त्यांनी ऐकले नाही. देवसभा उठण्यापूर्वी ती पुन्हा गेली, पुन्हा विनवले. पुन्हा नकार. त्यानंतर वादळ येते, आणि कवी रस्त्यांवरील, वेशींवरील, उत्सवाच्या चौकांवरील प्रेते दाखवतो. पुढे निंगल आपल्या घराच्या ढिगाऱ्याकडे पाहते आणि या नगरीत आता आपणच परकी झालो असे तिला वाटते. काव्याच्या अखेरीस नन्नाला प्रार्थना आहे की नगरी पुन्हा उजळो.

या काव्यातील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यात नसलेली एक गोष्ट. ऊरच्या लोकांनी काय पाप केले हे कवी कोठेही सांगत नाही. शेवटच्या गीतखंडात लोकांची अंतःकरणे शुद्ध होवोत अशी विनंती आहे, हे खरे. पण अमुक अपराध झाला म्हणून नगरी बुडाली, असा कार्यकारणभाव काव्यात मांडलेला नाही. सुमेरी कवींना तसा कार्यकारणभाव ठाऊकच नव्हता असेही नाही. 'अक्कादचा शाप' या काव्यात नराम-सिन राजा एनलिलचे मंदिर उद्ध्वस्त करतो आणि म्हणून त्याच्या राजधानीवर अरिष्ट कोसळते, असे स्पष्ट सांगितले आहे. हिब्रू 'विलापगीते' या ग्रंथात जेरुसलेमच्या दुःखाबरोबर तिच्या पापाची कबुली येते. दुःखाला अपराधाचे कारण देणे हा मनुष्याचा जवळजवळ सार्वत्रिक स्वभाव आहे. कारण निष्कारण दुःखापेक्षा स्वतःला दोषी मानणे सोपे जाते. ऊरच्या कवीने ही सोय नाकारली. मेलेल्यांवर त्याने त्यांच्या मरणाचा आरोप ठेवला नाही. साहित्याच्या इतिहासात हे किती दुर्मिळ आहे, याची जाणीव आपल्या विद्यार्थ्यांना करून दिली पाहिजे.

महाभारताचे स्त्रीपर्व शेजारी ठेवून पाहावे. गांधारी रणभूमीवरील प्रेते पाहते, विलाप करते आणि शेवटी कृष्णाला विचारते की तू समर्थ असूनही हे थांबवले का नाहीस. ती त्याला शाप देते. कृष्ण शाप स्वीकारतो, पण मग म्हणतो की कुरुकुल नष्ट झाले त्यात दोष तुझाच आहे. शोक करणारीवर दोष परतवला जातो. महाभारताच्या नैतिक जगात याला आधार आहे, कारण तेथे कर्म आणि फल यांची साखळी अखंड आहे. गांधारीला दुर्योधनाची आई म्हणून काही उत्तरदायित्व आहेच. निंगलला कोणी असे उत्तर देत नाही. तिला एवढेच कळते की निर्णय झाला आहे आणि देवसभेचा निर्णय फिरत नसतो. गांधारीला शाप देता येतो, कारण तिच्या जगात न्याय आहे. निंगलला केवळ रडता येते.

इथवर आमचे प्रतिपादन ऊरच्या कवीच्या बाजूचे आहे. आता दुसरी बाजू. 'सुमेर आणि ऊर' यांच्या विलापात (पिओत्र मिखालोव्स्की यांनी १९८९ मध्ये त्याची संहिता प्रसिद्ध केली) स्वतः नन्ना एनलिलपुढे उभा राहतो आणि विचारतो की माझी नगरी काय म्हणून नष्ट होते आहे. एनलिलचे उत्तर असे की ऊरला राजपद दिले होते, शाश्वत राजपद दिले नव्हते. सृष्टीच्या आरंभापासून कोणाचेच राज्य कायम राहिलेले नाही. पाळी संपली. या उत्तरातील तत्त्वज्ञान गंभीर आहे, आणि ते कोठून आले हेही ठाऊक आहे. सुमेरी राजावलीत राजपद स्वर्गातून उतरते आणि एका नगरीकडून दुसऱ्या नगरीकडे फिरत राहते. तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत ऊरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील आहे. याचा अर्थ, सत्ता पाळीपाळीने फिरते हा सिद्धान्त ऊरचे राजे सिंहासनावर होते तेव्हा त्यांच्या दरबाराच्याही कामाचा होता. आता पाळी आमची, असे म्हणण्यासाठी तो उपयोगी होता. नन्नाला मिळालेले उत्तर हे त्याच्याच नगरीचे जुने वाक्य आहे.

आणि ते आता कोणाच्या उपयोगाचे होते? ही काव्ये ऊर पडल्यानंतर, इसिनच्या राजांच्या काळात आकाराला आली असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. निप्पूरच्या विलापात तर इसिनच्या इश्मे-दगान राजाचा नावानिशी गौरव आहे. इसिनचा वंश म्हणजे इश्बी-एर्राचा वंश. संकटकाळी ऊरच्या राजाला एकटे सोडून ज्याने स्वतःचे सिंहासन मांडले त्याचा. ऊरच्या विनाशाला एनलिलचा अटळ निर्णय कारण असेल, तर ऊरच्या प्रजेचा दोष नाही. पण मग इश्बी-एर्राचाही नाही. धान्य का पोचले नाही, हा प्रश्नच उरत नाही. नगरीच्या निर्दोषतेचे आणि सत्ता बळकावणाऱ्याच्या निर्दोषतेचे प्रमाणपत्र एकाच हस्ताक्षरात लिहिलेले आहे. पुढे इश्बी-एर्राने ऊरमधून एलामी शिबंदी हाकलली, त्याचा वारस शू-इलिशू याने नन्नाची मूर्ती अन्शानहून परत आणली, आणि इश्मे-दगानची कन्या एनन्नातुम्मा ऊर येथे प्रधान पुरोहिता होऊन तिने गिपारू पुन्हा बांधले. विलाप हा अशा रीतीने जीर्णोद्धाराचा पहिला टप्पा होता. ज्याला नगरी पुन्हा उभारण्याचे श्रेय घ्यायचे आहे, त्याला ती कोसळल्याचे दुःख आधी गावे लागते.

मग विलापकाव्य म्हणजे राजवटीचा प्रचार, असा निष्कर्ष काढायचा काय? अलीकडच्या समीक्षेला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण तो वाचकाला कवीपेक्षा शहाणा ठरवतो. आम्ही तो काढत नाही, आणि त्याचे कारण काव्याच्या रचनेतच आहे. प्रचारासाठी एनलिलचे उत्तर पुरेसे होते. ते द्यावे, नगरीने ते मान्य करावे, नव्या राजाची स्तुती करावी, झाले. पण ऊरच्या विलापात निंगल उत्तर मिळाल्यावर थांबत नाही. निर्णय कळल्यानंतर, वादळ येऊन गेल्यानंतर, सगळे संपल्यानंतर ती पुन्हा बोलू लागते. आपल्या घराची, शेतांची, दागिन्यांची, मुलांची आठवण काढते. तत्त्वज्ञानाने तिचे समाधान झालेले नाही. सिद्धान्त सांगतो की पाळी संपली, आणि काव्य सांगते की हे घर माझे होते. या दोन वाक्यांत तडजोड होत नाही. आश्रयदात्या राजाला पहिले वाक्य हवे होते. दुसरे वाक्य कवीने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिले, असे आम्हांस वाटते.

भाषेचाही पुरावा पाहावा. विलापांत देवींचे बोल पुष्कळदा 'एमेसल' या सुमेरीच्या निराळ्या रूपात येतात. हे रूप साहित्यात देवी आणि स्त्रिया यांच्या तोंडी असते, तसेच विलाप गाणारे 'गाला' नावाचे पुरोहित ते वापरीत. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, नायिका शौरसेनीत बोलते आणि गाताना महाराष्ट्रीकडे वळते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. दोन्ही परंपरांत एकाच कृतीत दोन भाषारूपे नांदतात आणि त्यांची वाटणी सत्तेनुसार होते. राजाज्ञा आणि देवसभेचा ठराव यांची भाषा एक, शोकाची भाषा दुसरी. म्हणून निंगलचा प्रतिवाद हा तर्काच्या पातळीवर नसून उच्चाराच्या पातळीवर आहे. एनलिलच्या निर्णयाला ती उत्तर देत नाही. ती वेगळ्या बोलीत बोलत राहते.

मात्र या शोकालाही मर्यादा आहेत. वूली यांना ऊरच्या राजकीय दफनभूमीत सुमारे १८५० दफने मिळाली, त्यांपैकी सोळांना त्यांनी 'राजकीय' म्हटले. त्यांचा काळ एन्हेदुअन्नाच्याही पूर्वीचा. 'मोठी मृत्युखाच' असे नाव दिलेल्या एका खड्ड्यात चौऱ्याहत्तर माणसे होती आणि त्यांपैकी अडुसष्ट स्त्रिया, सोन्याच्या पानांची शिरोभूषणे घातलेल्या. त्या सर्वजणी विषाचा पेला पिऊन शांतपणे धन्याबरोबर गेल्या, असे वूली यांनी मानले. पेनसिल्व्हेनियाच्या संग्रहालयातील दोन कवट्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत डोक्यावर बोथट शस्त्राच्या आघाताच्या खुणा आढळल्या. स्वेच्छेची ती सुंदर कथा तेव्हापासून टिकवणे अवघड झाले आहे. या स्त्रियांसाठी कोणी विलाप रचला असल्यास तो आपल्यापर्यंत आलेला नाही. नगरी मेली तेव्हा देवी रडली; नगरीने मारलेल्यांसाठी कोण रडले, याचे उत्तर पाट्यांत नाही. एन्हेदुअन्नाचे नाव आदराने घेताना या अडुसष्ट अनाम स्त्रियांची आठवण ठेवणे, हे ऊर वाचण्याच्या शिस्तीचा भाग असावे.

शेवटी, ही काव्ये आपल्यापर्यंत आली कशी हे अध्यापकांना विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. राजांच्या दप्तरखान्यांनी नव्हे, मुख्यतः शाळांनी ती जपली. इ.स.पू. अठराव्या शतकात ऊर आणि निप्पूर येथील लहान घरांत काही मुले मातीच्या पाट्यांवर ही काव्ये नकलून काढीत होती. तोवर सुमेरी ही कोणाच्याही घरची भाषा उरली नव्हती. मुले अक्कादी बोलत आणि सुमेरी शिकत. म्हणजे न बोलल्या जाणाऱ्या भाषेतले, दोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या नगरीचे दुःख त्यांना अभ्यासक्रमात लावले होते. त्यांच्या चुका, अर्धवट सोडलेल्या ओळी आजही पाट्यांवर आहेत. अशा घरांचा शोध लागलेल्या ऊरच्या गल्ल्यांना वूली यांनी इंग्रजी शहरांतील रस्त्यांची नावे दिली. मूळ नावे गेली ती गेलीच. इ.स.पू. १७३८च्या सुमारास हम्मुराबीचा पुत्र सम्सू-इलुना याने बंड मोडताना ऊरचे तट पाडले आणि या शाळांचीही घडी विस्कटली. विलाप नकलणाऱ्या मुलांच्या नगरीवर विलापातलेच प्रसंग पुन्हा ओढवले.

ऊर त्यानंतरही जगले. इ.स.पू. सहाव्या शतकात नबोनिडसने चंद्रग्रहणाचा कौल मानून आपली कन्या एन-निगल्दी-नन्ना हिला त्याच जुन्या पदावर बसवले. एन्हेदुअन्नापासून तिच्यापर्यंत सतरा शतके होतात. तिच्या निवासस्थानी निरनिराळ्या काळांतील जुन्या वस्तू एकत्र सापडल्या म्हणून वूली यांनी त्यास संग्रहालय म्हटले. पुढे युफ्रेटिसने पात्र बदलले आणि इ.स.पू. चौथ्या शतकानंतर नगरी निर्मनुष्य झाली. या वेळी कोणी विलाप लिहिला नाही. लिहिणारेच उरले नव्हते. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले, ऊरच्या प्रसिद्ध सुवर्णवीणेची मोडतोड झाली, आणि २००९ पर्यंत ऊरचे अवशेष परदेशी सैन्याच्या तळाच्या कुंपणात होते. २०१६ मध्ये युनेस्कोने दक्षिण इराकच्या दलदलींसह ऊरला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

या अलीकडच्या घटनांनाही 'पाळी संपली' म्हणणारे भेटतात. संस्कृती येतात आणि जातात, असे ते उसासा टाकून सांगतात. हे वाक्य आता आपल्याला कोठून आले ते ठाऊक झाले आहे. ते एनलिलचे वाक्य आहे, आणि ते उच्चारले गेल्यावर धान्य कोणी अडवले हे विचारायचे राहून जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या वाक्याशी सावध राहावे. ऊरच्या कवीने मृतांना दोष दिला नाही, हे त्याच्याकडून घ्यावे. जिवंतांनाही त्याने दोष दिला नाही, हे मात्र त्याच्याकडून घेऊ नये. ते काम त्याने आपल्यासाठी ठेवले आहे असे समजून, ज्या पाट्यांवर देवी रडते त्यांच्या शेजारी ज्या पाट्यांवर धान्याचा हिशेब आहे त्याही वाचाव्यात.